दूरध्वनीवरचा शब्द आणि त्याची जपणूक : कार्यालयीन इंटरनेट दूरध्वनीसाठी कोडेक व ध्वनिमुद्रण कसे निवडावे?



उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस पूर्णेचे पात्र आणि मध्ये खारपाणपट्ट्याची काळी जमीन. अशा परिसरात बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव वसले आहे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत अतिवृष्टी होऊन पूर आला आणि कोवळी पिके मातीसह वाहून गेली. त्या हंगामात पीकविम्याचा नियम असा होता की, स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत तशी सूचना द्यावी. (पुढे २०२५ च्या खरिपापासून राज्याने या योजनेच्या स्वरूपात बदल केला आहे.) ज्यांना ही सूचना स्वतः भरता येत नव्हती ते कोणाची तरी मदत घेत आणि ती मदत बहुधा दूरध्वनीवरून मागितली जाई.

या परिसरातील एका छोट्या सेवाकार्यालयाने त्या दिवसांत असे अनेक निरोप नोंदवून घेतले. एका शेतकरीदादांनी आपला गट क्रमांक दूरध्वनीवर सांगितला. लिहून घेणाऱ्या ताईंनी ‘एकशे साठ’ असे लिहिले. शेत मात्र ‘एकशे सात’ या गटात होते. चूक उघडकीस आली तेव्हा सर्वांना आठवण झाली की, कार्यालयाच्या यंत्रात प्रत्येक संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते. ते शोधून काढण्यात आले आणि चौघांनी मिळून दहा वेळा ऐकले. दोघांना ‘सात’ ऐकू आले, दोघांना ‘साठ’. अखेर सातबारा उतारा काढून, हेलपाटे घालून दुरुस्ती झाली, परंतु तोवर पाहणी करणारे येऊन गेले होते. त्यानंतर त्या कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी आम्हास एक साधा प्रश्न विचारला : “फादर, यंत्र होते, मुद्रणही होते, मग शब्द कुठे हरवला?”

तो शब्द कुठे आणि का हरवतो, आणि तो हरवू नये म्हणून कार्यालयांनी काय करावे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत. शाळा, वसतिगृहे, दवाखाने, पतसंस्था आणि सेवाकेंद्रे आज इंटरनेटवरील दूरध्वनी वापरू लागली आहेत. यंत्र बसवणारे तंत्रज्ञ दोन प्रश्न विचारतात : “कोडेक कोणता ठेवू?” आणि “रेकॉर्डिंग कुठे साठवू?” आपण बहुधा “तुम्हाला योग्य वाटेल ते करा” असे म्हणून मोकळे होतो. तसे न व्हावे, एवढीच आमची इच्छा आहे.

कोडेक म्हणजे काय?

आपला आवाज म्हणजे हवेतील लहरी. इंटरनेटवरून पाठवण्यासाठी त्यांचे आकड्यांत रूपांतर करावे लागते आणि पलीकडच्या टोकास त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करावा लागतो. हे दुहेरी काम ज्या पद्धतीने होते तिला कोडेक म्हणतात. दोन्ही टोकांना एकच पद्धत ठाऊक असली पाहिजे. नसेल तर मध्ये दुभाष्या बसवावा लागतो आणि दुभाष्या आला की मूळ बोलण्यातले काहीतरी निसटतेच.

या पद्धतींतील सर्वांत जुनी व सर्वत्र चालणारी म्हणजे १९७२ साली प्रमाणित झालेली जी.७११ होय. ती आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेते व प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिते. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. तिच्या दोन उपशाखा आहेत. अमेरिका व जपान यांनी ‘म्यू-लॉ’ स्वीकारला, तर भारताने युरोपाप्रमाणे ‘ए-लॉ’. आपल्या यंत्रात ए-लॉ निवडलेला आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

दुसरी पद्धत जी.७२९, १९९६ सालची. ती केवळ ८ किलोबिटांत काम भागवते. हे तिला कसे साधते? ती आवाजाची नक्कल करीत नाही, तर मनुष्याचा कंठ व मुख कसे चालतात याचे एक गणिती प्रतिरूप बाळगते आणि ‘या क्षणी कंठाची स्थिती अशी होती’ एवढेच पलीकडे कळवते. पलीकडचे यंत्र त्या वर्णनावरून आवाज नव्याने घडवते. एकच व्यक्ती शांत खोलीत बोलत असेल तर हे छान जमते. मात्र मागे पाऊस कोसळत असेल, दोघे एकाच वेळी बोलत असतील किंवा रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असेल, तर ते प्रतिरूप गोंधळते. या पद्धतीवर पूर्वी स्वामित्वशुल्क द्यावे लागत असे. मूळ पेटंटांची मुदत २०१७ पर्यंत संपली.

तिसरी पद्धत जी.७२२, १९८८ सालची. तीही ६४ किलोबिट घेते, परंतु सेकंदाला १६,००० नमुन्यांवर चालते आणि म्हणून आवाजाचा दुप्पट विस्तार पलीकडे पोहोचवते. चौथी पद्धत ओपस. सप्टेंबर २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत विनाशुल्क आहे आणि ६ पासून ५१० किलोबिटांपर्यंत गरजेप्रमाणे कमी-जास्त होते. वाटेत काही भाग गहाळ झाला तर त्याची भरपाई करण्यासाठी मागील तुकड्याचा संक्षिप्त अंश पुढील तुकड्यासोबत पाठवण्याची सोयही तीत आहे.

मराठीच्या कानाने पाहता

या पद्धतींची तुलना बहुधा इंग्रजीच्या अनुषंगाने केली जाते. आपण मराठीच्या कानाने ती करून पाहू.

जुन्या दूरध्वनीचा मार्ग सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच रुंद होता. पुरुषाचे वा स्त्रीचे बोलणे समजण्यास तो पुरतो. पण स, श यांसारख्या घर्षक ध्वनींची पुष्कळशी शक्ती ४,००० हर्ट्झच्या वर असते आणि ती या मार्गात मावत नाही. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ ही संख्या आणि ‘गुरांना चार’ यातील चार. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘शंभर वर्षे जग’ यातील जग. लिहिताना भेद नाही, बोलताना आहे आणि तो बराचसा त्या वरच्या पट्टीतच राहतो. संदर्भाने आपण तो समजून घेतो. परंतु आडनाव, गावाचे नाव आणि क्रमांक यांना संदर्भ नसतो. तेथे कानाला एकट्यानेच काम करावे लागते.

आता ‘सात’ आणि ‘साठ’ पाहा. दोन्ही शब्दांतील ‘सा’ सारखाच. भेद आहे तो शेवटी जीभ दातांना लागते की मूर्ध्याला, आणि मागून श्वासाचा झोत येतो की नाही, एवढाच. हा सारा प्रकार सेकंदाच्या काही शतांशांत आटोपतो. इंटरनेटवर आवाज सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, प्रवास करतो. नेमके तेच एखादे पॅकेट वाटेत गहाळ झाले तर यंत्र मागचाच ध्वनी थोडा लांबवून ती पोकळी बुजवते. ऐकणाऱ्यास खंड जाणवत नाही, शब्द मात्र बदललेला असतो. खरखर ऐकू आली तर आपण “पुन्हा सांगा” म्हणतो. येथे सगळे गुळगुळीत ऐकू येते आणि म्हणूनच कोणी पुन्हा विचारत नाही. आमच्या मते त्या गट क्रमांकाचे असेच काहीसे झाले असावे.

त्यातून दुसरी गोष्ट. शेतकरीदादा मोबाइलवरून बोलत होते. मोबाइलच्या जाळ्याने त्यांचा आवाज एकदा आकुंचित केला. कार्यालयाच्या यंत्राने जी.७२९ साठी तो दुसऱ्यांदा आकुंचित केला. साठवताना जागा वाचावी म्हणून त्याची लहान एमपी३ फाइल करण्यात आली, म्हणजे तिसरे आकुंचन. ताकात एकदा पाणी घातले तर ताक राहते. तीनदा घातले की पांढरे पाणी उरते. प्रत्येक टप्प्यावर ‘थोडाच तोटा’ झाला होता, पण तिन्ही तोटे एकाच शब्दावर पडले.

पत्रापेक्षा लिफाफा जड

कमी किलोबिटांचा कोडेक निवडला की इंटरनेटचा भार तेवढ्याच पटीने कमी होतो, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रत्येक पॅकेटावर पत्ता, क्रम व वेळ लिहिलेला एक लिफाफा असतो. त्याचे वजन ४० बाइट. जी.७२९ मध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज भरतो अवघा २० बाइट. म्हणजे पत्रापेक्षा लिफाफा दुप्पट जड! सेकंदाला अशी ५० पॅकेटे निघतात आणि केवळ लिफाफ्यांचेच १६ किलोबिट होतात. कार्यालयातील तारेच्या जाळ्यावरील वेष्टन धरून हिशेब असा येतो : जी.७११ चे एक संभाषण एका दिशेस सुमारे ८७ किलोबिट घेते, जी.७२९ चे सुमारे ३१, आणि २४ किलोबिटांवर ठेवलेल्या ओपसचे सुमारे ४७.

एकाच वेळी चार संभाषणे चालू आहेत असे धरू. जी.७११ ला प्रत्येक दिशेस सुमारे ३५० किलोबिट लागतील, ओपसला १९० आणि जी.७२९ ला १२५. गावात फायबरची जोडणी असेल तर ३५० किलोबिट ही काही चिंता करण्याजोगी मागणी नव्हे. तेव्हा फायबर असताना जी.७२९ ची काटकसर करणे म्हणजे विहीर भरलेली असताना घोटभर पाण्यावर दिवस काढणे होय. मोबाइलच्या डेटावर किंवा दुबळ्या बिनतारी जोडणीवर काम चालवायचे असेल, तरच आकुंचनाचा विचार करावा. आणि तेव्हाही पहिली पसंती ओपसला द्यावी, कारण गहाळ पॅकेटाची भरपाई करण्याचे साधन तिच्याजवळ आहे.

बहुतेक वेळा दोष जोडणीच्या रुंदीत नसतो. तो पॅकेटांच्या गहाळ होण्यात आणि मागेपुढे पोहोचण्यात असतो. त्याच जोडणीवरून कोणी चित्रफीत पाहू लागला की आवाजाची पॅकेटे रांगेत अडकतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा. त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. म्हणून राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्यावा. रुग्णवाहिकेला आपण रस्ता देतो तसाच. हा उपाय बहुधा पैशांचा नसून अर्ध्या तासाच्या कामाचा असतो. आणि राउटर व एक्स्चेंज दोन्हींना इन्व्हर्टरची जोड द्यावी. वीज गेल्यावर जुना दूरध्वनी चालत असे, हा नवा चालत नाही.

मग निवड कोणती?

आमचे मत आम्ही थोडक्यात मांडतो.

एक : बाहेरच्या सामान्य दूरध्वनीशी व मोबाइलशी बोलण्याच्या मार्गावर जी.७११ ए-लॉ ठेवावा. सेवा देणारी कंपनी बहुधा याच रूपात आवाज देते. तो तसाच घेतला की आपल्या दारात तरी दुभाष्या बसत नाही.

दोन : आपल्याच दोन कार्यालयांमध्ये, उदाहरणार्थ वरवट बकाल व खामगाव यांच्यामध्ये, ओपस किंवा जी.७२२ ठेवावा. तेथे दोन्ही टोके आपल्या हाती असल्याने रुंद आवाजाचा पूर्ण लाभ मिळतो. समोरची व्यक्ती जुन्या अरुंद मार्गावर असेल तर मात्र आपल्या रुंद कोडेकने काहीही वाढत नाही. नळाचे तोंड मोठे केले म्हणून टाकीतले पाणी वाढत नाही.

तीन : जी.७२९ यादीत शेवटी, केवळ आणीबाणीसाठी ठेवावा. तो ठेवल्यास ‘एक दाबा, दोन दाबा’ या बटणांचे सूर आवाजातून न पाठवता स्वतंत्र संदेशाने पाठवण्याची सोय चालू करावी. कारण कंठाचे प्रतिरूप बाळगणाऱ्या कोडेकला तो सूर नीट कळत नाही.

चार : परवानाधारक कंपनीचीच जोडणी घ्यावी. आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीला मर्यादित मोकळीक मिळाली आणि २०१८ मध्ये परवान्यांतील अटी बदलून सामान्य दूरध्वनीशी जोडणीचा मार्ग स्पष्ट झाला. स्वस्त पडते म्हणून परदेशातून आलेली संभाषणे सिमकार्डांच्या पेटीतून चोरवाटेने स्थानिक जाळ्यात सोडणारी यंत्रे कोणी देऊ केली, तर ती दारातूनच परत पाठवावीत; तो गुन्हा आहे.

साठवणुकीचा हिशेब

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. जी.७११ चा आवाज जसाच्या तसा साठवला तर ताशी २८.८ मेगाबाइट जागा लागते. बोलणारा व ऐकणारा यांचे आवाज स्वतंत्र ठेवले तर ५७.६. आम्ही हे दोन आवाज स्वतंत्र ठेवावेत असेच आग्रहाने सांगू. आपल्याकडे समोरचा बोलत असताना “हो, हो, बरं” असे म्हणत राहण्याची रीत आहे. दोन्ही आवाज एकत्र कालवले की नेमका महत्त्वाचा शब्द त्या ‘हो’ खाली दबतो.

समजा, चार टेबलांवर दररोज प्रत्येकी तीन तास बोलणे होते. महिन्याला २५ दिवस काम चालते. वर्षाचे ३,६०० तास झाले. दोन्ही बाजू स्वतंत्र ठेवून जी.७११ मध्ये वर्षाला सुमारे २०७ गिगाबाइट लागतील. प्रत्येक बाजू १६ किलोबिटांच्या ओपसमध्ये ठेवली तर सुमारे ५२ गिगाबाइट. आज बाजारात मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या साध्या डिस्कवर पहिल्या पद्धतीने चार वर्षांहून अधिक काळाचे मुद्रण मावते. मग जागा वाचवण्यासाठी शब्द पणाला का लावावा? ज्या काळात डिस्क महाग होती त्या काळातील सवयी आजही यंत्रांच्या मूळ मांडणीत टिकून आहेत, एवढेच त्याचे कारण.

म्हणून आमची सूचना अशी : संभाषण ज्या रूपात आले त्याच रूपात साठवावे. जुने मुद्रण पुढे ओपसमध्ये आणायचेच असेल तर ज्यावर कोणताही वाद वा तक्रार नाही असेच आणावे. वादातील मूळ फाइलला हात लावू नये.

दुसरी प्रत इमारतीबाहेर असावी. एकाच यंत्रातील दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणे म्हणजे प्रत नव्हे. वीज कोसळली, पूर आला किंवा यंत्र चोरीस गेले तर दोन्ही एकदमच जातात. वरील कार्यालयाचे एका दिवसाचे जी.७११ मुद्रण सुमारे ६९० मेगाबाइट होते. सेकंदाला २ मेगाबिटांच्या जोडणीवरून ते दूर पाठवण्यास सुमारे ४६ मिनिटे लागतात. हे काम रात्री करावे, म्हणजे दिवसाच्या संभाषणांच्या वाटेत ते येणार नाही. आणि महिन्यातून एकदा दूरची एखादी फाइल परत आणून खरोखर ऐकावी. न तपासलेली प्रत म्हणजे केवळ समाधान.

तिसरी गोष्ट घड्याळाची. ७२ तासांच्या मुदतीचा प्रश्न असेल तर ‘काय बोलले’ याइतकेच ‘केव्हा बोलले’ हे महत्त्वाचे. एक्स्चेंजचे घड्याळ इंटरनेटवरील प्रमाणवेळेशी आपोआप जुळत राहील आणि भारतीय वेळ दाखवील, अशी मांडणी करून घ्यावी. फाइलच्या नावातच तारीख, वेळ व टेबल क्रमांक असावा. डिस्क भरली की जुने मुद्रण मूकपणे पुसून टाकण्याची सवय अनेक यंत्रांना असते. ती बंद करून सूचना देण्याची सोय चालू करावी.

न्यायालयांनी काय सांगितले?

ध्वनिमुद्रणाचा पुरावा म्हणून स्वीकार हा विषय आपल्या राज्याशी फार निकटचा आहे. कारण या संबंधीचे महत्त्वाचे अनेक निवाडे महाराष्ट्रातील प्रकरणांतूनच आले.

१९६७ मध्ये युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लाच देऊ केल्याच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण ग्राह्य धरले, पण फीत पुसून पुन्हा वापरता येते म्हणून असा पुरावा सावधपणे घ्यावा, असे बजावले. आणि त्या प्रकरणातील फीत मोहोरबंद केली गेली नव्हती याकडे लक्ष वेधले. १९७२ मध्ये आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या प्रकरणात बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने दूरध्वनीवरील बोलणे मुद्रित करण्यात आले होते. न्यायालयाने तो पुरावा मान्य केला. १९७५ मध्ये मुंबईतीलच एका निवडणूक याचिकेत भाषणांच्या फितींचा विचार करताना आवाज कोणाचा हे सिद्ध व्हावे, मुद्रण अचूक असावे, त्यात फेरफारीची शक्यता नसावी आणि ते विषयाशी संबंधित असावे, या कसोट्यांवर भर देण्यात आला.

आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला तो आपल्या शेजारच्या जालन्याच्या प्रकरणाचा : अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रमुद्रणावर तो येऊन ठेपला. मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे न्यायालयाने तेव्हा पुन्हा स्पष्ट केले. येथेही प्रश्न घड्याळाचाच होता, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश मूल्य’ लिहावे लागते. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेली एक ठरावीक लांबीची खूण; फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी ती खूण पार बदलते. १९६७ साली न्यायालयाने ज्या मोहोरेची उणीव दाखवली होती, तीच ही आजची मोहोर. म्हणून प्रत्येक फाइल तयार होताच तिचे एसएचए-२५६ पद्धतीचे हॅश काढून वेगळ्या नोंदीत ठेवावे. यंत्र हे आपोआप करू शकते. सांगावे मात्र आपल्यालाच लागते. मूळ फाइलची एमपी३ करून मूळ टाकून दिली तर ही मोहोर आपणच आपल्या हाताने फोडलेली असते.

किती काळ ठेवावे, आणि काय ठेवूच नये

जागा स्वस्त झाली म्हणून सर्व काही सर्वकाळ साठवावे, असा अर्थ कोणी काढू नये. दूरध्वनीवर आलेला आवाज हा त्या व्यक्तीचा आहे. आपण केवळ राखणदार आहोत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगावे, तिचे पुरेसे रक्षण करावे आणि हेतू संपला व कायद्याने ठेवणे आवश्यक नसले की ती पुसावी, हा त्याचा गाभा. रक्षणात कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

तेव्हा संभाषणाच्या आरंभी स्पष्ट मराठीत एक वाक्य ऐकवावे : “आपण दिलेली माहिती अचूक नोंदवण्यासाठी हे बोलणे मुद्रित केले जात आहे. आपली हरकत असल्यास कृपया आत्ताच सांगा.” जो हरकत घेईल त्याचे काम अडवू नये, त्याची माहिती लिहून घेऊन वाचून दाखवावी.

मुदतीबाबत आमची सूचना अशी. सामान्य चौकशीची संभाषणे ९० दिवसांनी पुसावीत. ज्यात एखादी सूचना, अर्ज वा पैशांचा व्यवहार आहे त्यांवर त्याच दिवशी खूण करावी आणि ती तीन वर्षे ठेवावीत. ग्राहक तक्रारीस साधारणतः दोन वर्षांची आणि करारविषयक दाव्यास तीन वर्षांची कालमर्यादा कायद्याने घातली आहे, हा त्यामागील आधार. वाद चालू असलेले मुद्रण वाद मिटेपर्यंत पुसू नये. आणि काय, केव्हा, कोणी पुसले याची नोंद ठेवावी. मुद्रण ऐकण्याचा अधिकार एक-दोन व्यक्तींनाच असावा. डिस्क कूटबद्ध असावी. आणि कोणी ऐकले याचीही नोंद राहावी.

शेवटी, काही बोलणी मुद्रित होताच कामा नयेत. आजाराची कैफियत, घरातील छळाची तक्रार, आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या माणसाचा आधाराचा शोध, धर्मगुरूकडे मन मोकळे करणाऱ्याचे शब्द. यांच्यासाठी मुद्रण नसलेला स्वतंत्र क्रमांक असावा आणि तसे त्या माणसाला सांगावे. साठवलेले नाही ते कधीच बाहेर फुटत नाही. राखणीचा याहून भक्कम उपाय आजवर कोणत्याही यंत्राने दिलेला नाही.

यंत्राच्या आधी माणूस

वरवट बकालच्या त्या कार्यालयाने आता जी.७११ ए-लॉ स्वीकारला आहे, दोन्ही बाजूंचे आवाज स्वतंत्र व मूळ रूपात साठवले जातात आणि राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम मिळाला आहे. परंतु आम्हास सर्वांत मोलाचा वाटला तो त्या ताईंनी स्वतः सुरू केलेला परिपाठ. त्या आता प्रत्येक क्रमांक अंकाअंकाने परत वाचून दाखवतात : “एक, शून्य, सात. बरोबर ना दादा?” आणि पलीकडून “होय बाई” असे आल्यावरच पुढे जातात. या एका प्रश्नाला पाच सेकंद लागतात, म्हणजे साठवणुकीत अवघे ८० किलोबाइट. आणि त्यासाठी कोणताही कोडेक विकत घ्यावा लागत नाही.

उत्तम कोडेक शब्द नीट पोहोचवील, उत्तम साठवण तो नीट जपेल. पण शब्द नीट ऐकला गेला की नाही, हे विचारण्याचे काम माणसाचेच आहे. आपल्या कार्यालयात यंत्र बसवणारे तंत्रज्ञ पुढच्या वेळी येतील तेव्हा हा लेख जवळ ठेवून त्यांच्याशी बोलावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. एकशे सात गटातील त्या शेतकरीदादांसारखे कोणी पुन्हा केवळ एका अक्षरासाठी वंचित राहू नये.